शिलाई मशीनचे दोन पाय

उदगीरला विणलेली खादी नांदेडला येते आणि तिथे तिचा राष्ट्रध्वज होतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे काम करते. खादीचे राष्ट्रध्वज जिथे तयार होतात अशी ठिकाणं देशात मोजकीच. हुबळीचं बेंगेरी त्यातलं एक आणि आपलं नांदेड दुसरं. १५ ऑगस्ट १९४७ला ज्या मुलखात तिरंगा लावणं हा निजामाच्या लेखी गुन्हा होता, जिथे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ला, तेरा महिने उशिरा पोचलं, त्याच मुलखात आज तिरंगा विणला आणि शिवला जातो. लातूर-नांदेडच्या माणसाला हे सांगताना अभिमान वाटतोच. मला मात्र आज त्या ध्वजाच्या शिवणीबद्दल लिहायचं आहे, कारण शिलाई मशीनमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट त्या शिवणीत उघडी पडते.

ध्वजासाठी नऊ आकार ठरवून दिलेले आहेत. टेबलावरचा ध्वज १५० बाय १०० मिलिमीटरचा, मोटारीवरचा २२५ बाय १५०चा, आणि सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा. या मोठ्या ध्वजात केशरी आणि पांढरा, पांढरा आणि हिरवा अशा दोन आडव्या शिवणी, प्रत्येक ६.३ मीटर लांब. दोन पट्टे एकावर एक ठेवायचे आणि सरळ शिवत जायचं, इतकं सोपं ते काम दिसतं. पण ज्यांनी घरी परकराचे तुकडे जोडलेत किंवा पडद्याला लांब पट्टी लावली आहे, त्यांना पुढचं माहीत असेल. दोन्ही तुकडे कात्रीने अगदी सारखे कापलेले असतात, सुरुवातीला टोकाला टोक जुळवलेलं असतं, तरी शिवत शिवत शेवटाला आलं की वरचा तुकडा बोटभर उरतो. बहुतेक जण कापायलाच चुकलं असं समजून उरलेलं टोक छाटून टाकतात. कापणी बरोबरच असते. वरचा तुकडा मागे ठेवला त्या सुईशेजारच्या पोलादी पायाने, म्हणजे टेलर ज्याला प्रेशर फूट किंवा नुसतं फूट म्हणतात त्याने.

शिलाई मशीन म्हटलं की नजर सुईवर जाते. सुई फक्त खाली-वर होते. कापड पुढे नेणं, ते सपाट धरणं, टाका किती लांब पडेल हे ठरवणं, यातलं एकही काम सुईचं नाही. एलियास हाऊ या अमेरिकन कारागिराने १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात सुई आडवी चालायची आणि कापड एका पट्टीच्या काट्यांना अडकवून उभं टांगावं लागायचं. पट्टीच्या लांबीइतकी शिलाई झाली की थांबायचं, कापड काढायचं, पुन्हा टांगायचं. १८५१ साली आयझॅक सिंगरने सुई उभी केली, कापड टेबलावर आडवं घातलं आणि त्याच्यावर स्प्रिंगने दाबणारा पाय बसवला. कापड खालून सरकवायला त्याने दातेरी चाक वापरलं होतं. त्या चाकाची जागा घेणारी युक्ती १८५४मध्ये ॲलन विल्सनने शोधली आणि आज आपल्या गल्लीतल्या प्रत्येक मशीनमध्ये तीच आहे.

ती बघायची असेल तर दोरा काढून टाका, फूट वर उचला आणि बाजूचं चाक हाताने अगदी हळू आपल्याकडे फिरवा. सुईखालच्या प्लेटमध्ये उभ्या फटी असतात. त्यातून दात्यांच्या ओळी वर येतात, मागे सरकतात, खाली बुडतात आणि खालूनच पुन्हा पुढे येतात. वर, मागे, खाली, पुढे अशी चार टप्प्यांची चाल. वर आलेले दाते प्लेटवर जेमतेम मिलिमीटरभर डोकावतात. सुई कापडात असते तेव्हा दाते खाली बुडालेले असतात आणि सुई कापडातून बाहेर निघाली की ते वर येऊन कापड मागे ढकलतात. सुई आणि दाते यांची ही पाळी चुकली तर कापड ओढलं जाऊन सुई वाकते, नाहीतर तुटते. टाका लहान-मोठा करायचा खटका दात्यांची मागे सरकण्याची लांबी तेवढी बदलतो. दहा टाके इंचाला म्हणजे दात्यांची अडीच मिलिमीटरांची धाव.

पण दात्यांनी नुसतं वर येऊन भागत नाही. कापड हलकं, ते दात्यांवर नुसतं तरंगेल. त्याला वरून कुणीतरी दात्यांवर दाबून धरायला हवं. फूट हे करतो. फूट ज्या उभ्या दांड्याला स्क्रूने बसवलेला असतो त्या दांड्याभोवती मशीनच्या डोक्यात एक स्प्रिंग आहे आणि त्या स्प्रिंगवर, मशीनच्या अगदी माथ्यावर, एक स्क्रू किंवा गोल बटण. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की स्प्रिंग आवळते आणि दाब वाढतो, उलट फिरवलं की कमी होतो. मशीन घेतल्या दिवसापासून हा स्क्रू ज्यांनी एकदाही हलवलेला नाही अशी घरं पुष्कळ असतील. दोऱ्याचं टेन्शन मात्र दिवसातून चारदा कमी-जास्त होतं. माझं सांगणं इतकंच आहे, की दोऱ्याला आणि सुईला दिलेले निम्मे दोष खरं तर या दाबाचे असतात.

आता वरचा तुकडा का उरतो ते पाहू. खालच्या कापडाला दात्यांची पकड आहे, तीही टोकदार. वरच्या कापडाला दात्यांचा स्पर्शच नाही. ते पुढे जातं ते खालच्या कापडाशी होणाऱ्या घर्षणामुळे, आणि त्याच वेळी वरून फूट त्याच्यावर घासत त्याला अडवत असतो. म्हणून फुटाचा तळ आरशासारखा गुळगुळीत घासलेला असतो आणि दात्यांना मुद्दाम धार ठेवलेली असते. हिशेब असा, की दाते आणि खालचं कापड यांच्यातली पकड सगळ्यात जास्त हवी, दोन कापडांमधली त्याखालोखाल आणि फुटाची वरच्या कापडावरची सगळ्यात कमी. दाब वाढवला की तिन्ही ठिकाणचं घर्षण वाढतं. खालच्या कापडाची धाव आधीच पक्की असते, तिला या वाढीचा फायदा नाही. वरच्या कापडाची अडवणूक मात्र वाढते. प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर मागे राहतं आणि सुई त्याला तिथेच टाचून टाकते.

केसभर म्हणजे किती, ते घरीच मोजता येतं. एकाच कापडाच्या, त्याच उभ्या धाग्यात कापलेल्या, ३० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. टोकाला टोक जुळवा, फुटाखाली ठेवा आणि हाताने अजिबात न ओढता, न ढकलता शिवून टाका. शेवटाला वरची पट्टी २ मिलिमीटर जास्त दिसली तर ब्लाउजच्या बाहीत ती जिरून जाईल. ६.३ मीटरच्या शिवणीत ३० सेंटिमीटर एकवीस वेळा बसतात, म्हणजे तीच चूक ४२ मिलिमीटरांची होते. राष्ट्रध्वजात एक पट्टा चार सेंटिमीटरने कमी भरला तर तो दुमडून लपवायला जागा नाही. शिवणीला चुण्या पडल्या तर वाऱ्यावर त्या सगळ्या जगाला दिसतात. त्यात खादी हातकताईची. सूत कुठे जाड, कुठे बारीक, कापडाला स्वतःचा खरखरीतपणा. म्हणजे ध्वज शिवणाऱ्याला प्रत्येक थानाशी नव्याने जुळवून घ्यावं लागणार.

यावर उपाय आहेत आणि ते जुन्या टेलरांच्या अंगवळणी पडलेले असतात. पहिला, माथ्यावरचा स्क्रू थोडा ढिला करून पट्ट्यांचा प्रयोग पुन्हा करायचा. कापड नीट सरकतंय आणि टोकं जुळतायत अशी जागा सापडेपर्यंत. दुसरा, लांब शिवणीच्या दोन्ही कापडांवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा करायच्या आणि खूण खुणेवर येतेय ना हे पाहत जायचं. म्हणजे चूक साठत नाही, जिथल्या तिथे सुधारते. तिसरा, शिवताना कापड फुटाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडून हलकं ताणून धरायचं. ताणायचं म्हणजे ओढायचं नव्हे. ओढलं की सुई वाकून प्लेटवर आपटते. आणि चौथा उपाय सगळ्यात चतुर: ज्या कापडात थोडी ढील जिरवायची आहे ते खाली ठेवायचं. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा किंचित मोठा असतो. बाही खाली आणि मुंढा वर ठेवून शिवलं की दाते ती जादा लांबी आपोआप आत घेतात.

मखमलीला मात्र हे सगळे उपाय अपुरे पडतात. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या परिसरातल्या दुकानांत रुमाला साहिब विकायला असतात. श्री गुरु ग्रंथ साहिबांवर पांघरायची ही वस्त्रं, साटिनची, मखमलीची, कडेने गोटा आणि झालर लावलेली. साटिन फुटाखालून निसटतं आणि मखमलीची लव समोरच्या लवेत अडकून एका कापडाला दुसऱ्यावर चालवते. अशा वेळी फुटाचा दाब अगदी कमी ठेवायचा, आधी हाताने धावदोरा घालून दोन्ही थर बांधून घ्यायचे, आणि मग मशीनखाली न्यायचं. घाईत धावदोरा गाळला की कड नागमोडी होते आणि मखमलीवर उसवलेल्या टाक्यांच्या खुणा जात नाहीत. रेक्झिन आणि रेनकोटच्या कापडाचं दुखणं वेगळं. ते फुटाच्या पोलादाला चिकटतं. त्यासाठी तळाला टेफ्लॉन असलेला फूट मिळतो, किंवा तळाला छोटी चाकं असलेला. आपल्याकडची वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर, मशीनवर शिवायची तर वॉकिंग फूट लावावा. त्याला स्वतःचे दाते असतात आणि एक आकडा सुईच्या स्क्रूवर बसतो. सुई वर-खाली झाली की वरचे दातेही खालच्या दात्यांबरोबर पाऊल टाकतात, मग वरचा थर मागे राहायला कारणच उरत नाही.

आणि हाच दोष मुद्दाम वाढवला तर तो गुण होतो. किनवट-मुखेडकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांचा फेटिया पाहिला असेल. कमरेशी दाट चुण्या आणि खाली मोठा घेर. चुण्या घालायचा वेगळा फूट असतो, त्याला गॅदरिंग फूट म्हणतात. त्याच्या तळाचा मागचा अर्धा भाग वर उचललेला असतो. सुईच्या पुढे कापडावर दाब आहे, मागे नाही. दाते कापड मागे ढकलतात आणि तिथे त्याला सपाट ठेवणारं कुणी नसल्याने ते गोळा होत जातं. टाका लांब ठेवला आणि टेन्शन आवळलं की चुण्या आणखी दाट. जी गोष्ट ध्वजाच्या शिवणीत नको, तीच घेरदार फेटियात हवी.

फुटाचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. सुई खाली जाऊन परत वर यायला लागते तेव्हा तिच्या नेढ्यापाशी दोऱ्याचा एक छोटा फास सुटतो आणि खालचा दोरा वाहणाऱ्या शटलचं टोक त्याच फासातून जातं. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतो तो इथे. फास सुटायला एक अट आहे. सुई वर जाताना कापड जागचं हलता कामा नये. कापड सुईबरोबर वर उचललं गेलं तर दोराही वर जातो, फास होत नाही, शटल रिकामंच फिरतं आणि टाका सुटतो. ‘मशीन टाके सोडायलीय’ ही तक्रार ऐकली की आधी सुई बोथट झालीय का ते पाहावं, आणि ती नवी असेल तर फुटाचा दाब. पातळ, ताणल्या जाणाऱ्या कापडावर रुंद फटीचा फूट असेल तर सुईच्या शेजारी कापड दाबायला काहीच नसतं. तिथे अरुंद फटीचा साधा फूट लावला की टाके पडायला लागतात.

फूट आणि दोऱ्याचं टेन्शन यांचंही आतून नातं आहे. फूट उचलायचा मागचा खटका वर केला की आतली एक बारीक पिन टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींपासून दूर सारते. त्यामुळे शिवून झाल्यावर कापड ओढलं की दोरा सहज सुटून येतो. पण त्यामुळेच फूट खाली टाकायला विसरून शिवायला सुरुवात केली तर वरच्या दोऱ्याला काहीच ताण राहत नाही आणि कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो. नवशिकी मुलगी तो गुंता पाहून खालच्या दोऱ्याची बॉबिन काढते, बॉबिन केसचा स्क्रू फिरवते, आणि मग खरोखरच मशीन बिघडते. खाली गुंता झाला की दोष वर शोधावा. मशीन ओवताना फूट वर, टेन्शन तपासताना फूट खाली, हे ज्याने त्याने पाठच करून ठेवावं.

फुटाला घोट्यासारखा सांधा असतो, जाड शिवणीवर चढताना नाक वर करता यावं म्हणून. जीन्सची खालची दुमड शिवताना कडेची जाड शिवण आली की फूट तिच्यावर चढतो, तिरका होतो आणि त्याची टाच हवेत राहते. मागून दाब नाही म्हणून कापड सरकत नाही, टाके एकावर एक साचतात, आणि उतारावर एकदम लांब टाका पडतो. यासाठी कापडाचाच एक तुकडा घडी घालून फुटाच्या टाचेखाली ठेवायचा, उंची सारखी झाली की फूट सपाट राहतो. ध्वजाचं फडकतं टोक दुमडून शिवताना जिथे आडवी शिवण मध्ये येते तिथेही कापडाचे थर असेच साठतात, आणि वाऱ्याचे फटके सगळ्यात जास्त त्याच टोकाला बसतात. तिथे साचलेले टाके कापडाला भोकं पाडून ठेवतात आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते.

फूट नीट बसलाय की नाही हे कागद सांगतो. दोरा न ओवता, सुई काढून, फुटाखाली कोरा कागद घालून थोडी मशीन चालवा आणि कागद उलटा करून पाहा. दात्यांच्या खुणांच्या दोन्ही ओळी सारख्या ठळक हव्यात. एक ठळक, एक फिकी असेल तर फूट तिरका कसलेला आहे, नाहीतर दात्यांमध्ये कापसाचा कचरा अडकलाय. ‘माझी शिवण सरळच येत नाही’ म्हणून हातांना दोष देणाऱ्या कितीतरी जणींचा हात ठीक असतो आणि फुटाचा स्क्रू ढिला असतो.

बाकीचे फूट फार वेळ सांगण्यासारखे नाहीत. चेन लावायचा फूट एका बाजूने कापलेला, चेनच्या दात्यांना खेटून शिवता यावं म्हणून. पायपिंगच्या फुटाच्या तळाला खाच असते. साडीची किंवा ओढणीची कड बारीक वळवणाऱ्या फुटाच्या तोंडाशी पत्र्याची गुंडाळी असते, तिच्यातून जाताना कड आपोआप दोनदा दुमडते. घेताना आपल्या मशीनचा दांडा आखूड आहे की लांब ते बघून घ्यावं. घरगुती मशीनचा फूट कारखान्यातल्या मशीनला बसत नाही.

आता टेबलाखाली उतरू, मशीनच्या दुसऱ्या पायाकडे. पायडल हा लोखंडी जाळीचा तराफा मधोमध आसावर टेकलेला असतो. पंजा दाबला की पुढची बाजू खाली, टाच दाबली की मागची. पायडलला जोडलेला उभा दांडा मोठ्या चाकाच्या तिरक्या कड्याला धरतो आणि डुलण्याचं फिरणं होतं. इथे एक अडचण आहे. दांडा अगदी वर किंवा अगदी खाली असताना तो आणि चाकाचा आस एका रेषेत येतात. त्या दोन जागी पायाने कितीही जोर लावा, चाक फिरत नाही. ते पार करून नेतं चाकाचं वजन. जात्याचा पाळा जसा खुंटा ढिला सोडला तरी आपल्या भाराने पुढे जातो तसं. म्हणूनच पायाच्या मशीनचं चाक बिडाचं, जड असतं, आणि ते हलकं करून मशीन चांगली होत नाही.

शिवणक्लासमध्ये पहिले काही दिवस नवीन मुलीला कापड देत नाहीत, कागदावर आखलेल्या रेघांवरून बिनदोऱ्याची मशीन चालवायला लावतात. तिची पहिली हाक ठरलेली असते: ‘ताई, मशीन उलटी फिरायली की!’ उलटी फिरण्याचं कारण त्याच कड्यात आहे. चाक थांबताना कडं कुठल्या अर्ध्या फेरीत थांबलं यावर पुढचा पंजाचा दाब त्याला कुठे नेईल ते ठरतं. एका अर्ध्यात तोच दाब चाक सुलट फिरवतो, दुसऱ्या अर्ध्यात उलट. पायाला हे कळायचा मार्ग नाही. म्हणून सुरुवात हाताने करायची. वरचं चाक आपल्याकडे ओढायचं आणि ते फिरायला लागलं की पायांनी त्याची लय धरायची. उलट्या चाकात शटलला फास मिळत नाही, दोरा गुंततो आणि तुटतो. पाय दोन्ही लागतात. एक थोडा पुढे, एक मागे, आणि जोर आलटून पालटून पंजा आणि टाच असा. नुसत्या पंजाने मारत राहिलं की दिवसअखेर पोटऱ्या भरून येतात.

खालचं चाक सुमारे बारा इंच व्यासाचं, वरचं तीन इंचांच्या आसपास. म्हणून पायडलच्या एका हेलकाव्यात वरचं चाक चारेक वेळा फिरतं, आणि वरच्या चाकाची एक फेरी म्हणजे एक टाका. मोठ्या ध्वजाच्या एका शिवणीत अडीच मिलिमीटरचे २५२० टाके बसतात, म्हणजे पायडलचे सहाशेहून जास्त हेलकावे, आणि तेही एका लयीत. दोन चाकांना जोडणारा चामड्याचा पट्टा पावसाळ्यात ओल धरतो आणि सैल होतो. मग पाय चालतो, खालचं चाक पळतं आणि सुई जड कापडात अडखळते. पट्ट्याचा जोड तारेच्या आकड्याने केलेला असतो. आकडा काढायचा, पट्टा बोटभर कापायचा, नवं भोक पाडून आकडा पुन्हा बसवायचा आणि पक्कडीने दाबायचा. फार आवळला तर पायडल जड होतं.

पायडलने केलेली मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही हात मोकळे केले. हाताच्या मशीनमध्ये उजवा हात मुठीला अडकलेला, कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळायचं. १९२४मध्ये गांधीजींना त्यांच्या यंत्रविरोधाबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा खास अपवाद केला होता. माणसाचं काम हिसकावून न घेता त्याचे कष्ट हलके करणारं यंत्र त्यांना मान्य होतं. खादीचा ध्वज मशीनवर शिवला जातो यात मला म्हणूनच विसंगती वाटत नाही.

विजेची मोटर आली तेव्हा पायाखालचा तराफा जाऊन एक डबी आली. जुन्या डबीत कार्बनच्या चकत्यांची चवड असते. पाय दाबला की चकत्या एकमेकींवर आवळतात, त्यांच्यातून वीज सहज जाते आणि मोटर वेगाने फिरते. पाय हलका केला की विरोध वाढतो, मोटर मंदावते, आणि अडवलेल्या विजेची डबीत उष्णता होते. डबी गरम लागते ती यामुळे. अशा डबीचा एक स्वभाव ओळखून असावं. जाड कापडावर हळू सुरू करायला जावं तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. मोटरला जोर लावायला जास्त वीज हवी आणि डबीतला विरोध नेमकी तिथेच ती खातो. तसाच पाय दाबून ठेवला तर गुंडाळी तापून जळते. अशा वेळी पाय उचलावा, हाताने चाकाला आपल्याकडे एक फेरी द्यावी आणि मग दाबावं. नव्या डब्यांत चकत्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तो प्रत्येक लाटेतला थोडा भाग कापून मोटरला देतो, त्यामुळे डबी कमी तापते आणि हळू शिवणं जास्त जमतं. मराठवाड्यात तासन् तास भारनियमन असायचं त्या वर्षांत मोटर लावलेल्या टेलरांनीही खालचं पायडल काढून टाकलं नव्हतं, ते शहाणपण होतं. पट्टा चढवला की काम चालू.

गणवेश आणि रेडिमेडच्या कारखान्यातल्या मशीनचं पायडल पुन्हा मोठं, पण त्याचं काम पूर्ण वेगळं. तिथे टेबलाखालची जुनी क्लच मोटर बटण दाबल्यापासून सारखी फिरतच असते. कुणी शिवत नसलं तरी तिची घरघर चालू. पंजा दाबला की घर्षणाची चकती फिरत्या चाकाला टेकते आणि मशीन धावायला लागते, पाय सोडला की ब्रेक लागतो. किती टेकवायचं ते पंजाच्या अगदी थोड्या हालचालीवर. ही मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते, म्हणजे ध्वजाची ती शिवण हिशेबाने एका मिनिटाच्या आत. प्रत्यक्षात कुणी तसं शिवत नाही, कारण त्या वेगात खूण खुणेवर आणायला हात पुरत नाहीत. फूट उचलायला इथे हात लागत नाही, टेबलाखाली गुडघ्याने ढकलायची पट्टी असते. दोन्ही हात कापडावर, पंजा वेगावर आणि गुडघा फुटावर.

आता क्लच मोटरच्या जागी सर्व्हो मोटर येते आहे. ती पाय दाबल्यावरच फिरते, म्हणून आवाज नाही आणि वीज कमी. पायडल किती दाबलं हे तिला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळतं आणि हळू वेगातही तिचा जोर टिकतो. महागड्या मशीनवर टाच मागे दाबली की दोरा कापला जातो आणि फूट वर उचलला जातो. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यातून किंवा बचत गटाच्या पैशातून कुणी मोठी मशीन घेणार असेल तर सर्व्होच बघावी, आणि सगळ्यात आधी तिच्या डब्यावरचं वेगाच्या मर्यादेचं बटण शोधावं. ते खाली आणून ठेवलं की पंजा घाबरून पूर्ण दाबला गेला तरी सुई ठरवलेल्या वेगापुढे जात नाही. पायाच्या मशीनवर शिकलेल्या बाईचा पाय पहिल्या आठवड्यात जोराने पडतोच. मर्यादा मिनिटाला हजार टाक्यांच्या आसपास ठेवावी, लांब शिवणीत खूण खुणेवर यायला लागली की थोडी वाढवावी, आणि दर वेळी वेग वाढवला की माथ्यावरचा दाबाचा स्क्रू पट्ट्यांच्या प्रयोगाने पुन्हा तपासावा, कारण वेगात फूट उडतो आणि हळू चालीला पुरणारा दाब तिथे कमी पडतो.